पाणी तोडण्याचे दिवस

मार्गशीर्ष लागला की मी मोगऱ्याचं पाणी तोडतो. न्हाणीतून निघणारी नाली एरवी अकरा झाडांच्या आळ्यांतून फिरते. तिच्या तोंडाशी दोन विटा आणि चिखलाचा गोळा बसवला की पाणी केळीकडे वळतं. काम पाच मिनिटांचं. पण त्यानंतरचे दीड-दोन महिने मला रोज स्वतःला आवरावं लागतं. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळायला लागतात. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारतो, "मास्तर, मोगरा मेला का जी तुमचा?" मी म्हणतो, "नाही जी, उपाशी आहे."

हा उपास मला आईकडून शिकता आला असता. ती शिकवत होती तेव्हा मी शिकलो नाही. त्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण त्यासाठी आधी आमची वाडी आणि तिचं वर्ष सांगावं लागेल.

०००

पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं लहान गाव. धानाच्या बांध्या, बोड्या, आणि गाव संपलं की साग-बांबूचं जंगल. ताडोबाकडून येणारी अंधारी नदी आमच्या तालुक्यातून पुढे वैनगंगेला मिळते. पावसाळ्यात इथं पाऊस भरपूर, आणि मे महिन्यात पारा ४६-४७ पर्यंत चढतो. म्हणजे झाडाला वर्षातून एकदा बुडवायचं आणि एकदा भाजायचं, असा इथला रिवाज. ज्याला हे दोन्ही सोसतं तेच झाड इथं टिकतं.

घरामागच्या मोकळ्या जागेला आई सांदवाडी म्हणायची. तिथं विहिरीच्या कडेनं अकरा मोगरे, कुंपणाला जास्वंद आणि कण्हेर, तुळशीजवळ कुंद, एका कोपऱ्यात पारिजातक, आणि फुटक्या बादल्यांमध्ये शेवंती. विकत आणलेलं एकही नाही. कुणाच्या तरी दारची फांदी पावसाळ्यात आणून रोवलेली, नाहीतर मोगऱ्याची फांदी वाकवून मातीत दाबलेली, वर दगड ठेवलेला. दोन-अडीच महिन्यांनी मुळं फुटली की तिकडून तोडायची आणि इकडं लावायची. अकरा मोगरे असे एकाच मोगऱ्याचे झाले.

आईच्या बोलण्यात 'ळ' नव्हता. झाडीबोलीत तो 'र' होतो. शाळेची शारा होते, काळ्याचं कारं होतं आणि कळीची करी. "करी धरली का रे बापू?" असं ती विचारायची. मी मराठीचा शिक्षक. लहानपणी शाळेत 'ळ' म्हणता येत नाही म्हणून हातावर छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे मोठा झाल्यावर मी तिला एक-दोनदा सुधारायचा प्रयत्न केला. ती हसून म्हणाली, "तू करी म्हन का करा म्हन, ते आपल्या येरेवर उमलते." वेळेची येर. पुढं मी सुधारणं सोडून दिलं.

बाबा तेंदूच्या हंगामात फळीवर हिशेब लिहायचे आणि आई पानं तोडायला जायची. तेंदूचा हंगाम मे महिन्यातला असला तरी त्याचं खरं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. त्याला खुटकटाई म्हणतात. जंगलातली तेंदूची झुडपं बुडाशी छाटून टाकायची. जुनं पान जाड आणि खरखरीत असतं, ते विडीला चालत नाही. छाटलेल्या खुंटातून जो नवा फुटवा येतो त्याचं पान मऊ, लवचीक, तांबूस कोवळं असतं. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ते तोडणीला येतं. मोठ्या झाडाच्या पानापेक्षा या झुडपाच्या पानाला मान. आई लग्नाआधीपासून हे काम करत आलेली. तिला बागकाम कुणी शिकवलं नव्हतं, पण खुंट तोडला की झाड काय करतं हे तिच्या हातांना माहीत होतं. घरच्या मोगऱ्याला तिनं तेच लावलं. तेंदूला छाटायचं पानासाठी, मोगऱ्याला छाटायचं फुलासाठी.

तेंदूची सत्तर पानं मिळून एक पुडा होतो. आयुष्यभर सत्तर-सत्तर मोजल्यामुळे आई मोगऱ्याच्या कळ्याही सत्तरनंच मोजायची. "आज चार पुडे झाले," म्हणजे दोनशे ऐंशी कळ्या. लगीनसराईत त्या बाजारातल्या हारवाल्याकडे जायच्या. पैसे फार नसत, पण माझी दहावीची पुस्तकं आणि बहिणीच्या एसटीचा पास त्यातूनच निघाला, हे मला पक्कं आठवतं.

०००

तिचं वर्ष संक्रांतीपासून सुरू व्हायचं. मार्गशीर्षात पाणी तोडलेलं. पौषात झाड जवळजवळ उघडं झालेलं. संक्रांतीचं तीळगूळ वाटून झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती विळा दगडावर घासायची. मोगरा गुडघ्याच्या थोडा वर राहील इतका छाटायचा. वाळक्या फांद्या, आत शिरलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या, सगळ्या काढायच्या. मग उरलेली पानं हातानं ओरबाडायची. मी लहान असताना मला हे बघवत नसे. छाटलेला मोगरा म्हणजे नुसत्या काड्यांचा भारा दिसायचा. मग आळी खणून आठ दिवस मुळं उन्हात तापू द्यायची, शेणखत घालायचं, आणि नाली उघडायची.

पहिलं पाणी मिळालं की आठवड्याभरात काड्यांवर हिरवे ठिपके दिसू लागतात. मोगऱ्याला फूल येतं ते या नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या फांदीवर कितीही माया केली तरी ती फक्त पानं देते. होळीच्या सुमारास टोकाशी तीन-तीन कळ्यांचे झुबके दिसायला लागतात. तिन्हींत मधली आधी फुगते, मग बाजूच्या. आई मधली कळी तोडताना बाजूच्या दोघींना बोट लागू द्यायची नाही.

तोडायची वेळ चार-साडेचारची. आज रात्री उमलणार ती कळी दुपारपर्यंत ओळखू येते. हिरवट झाक जाऊन ती दुधासारखी पांढरी होते, देठाशी फुगते, पण तोंड मिटलेलं असतं. उद्याची कळी अजून थोडी हिरवी, टणक. हा फरक एका दिवसाचा, पण चुकला तर उद्याची कळी कधीच उमलत नाही. तशीच पिवळी पडून जाते. पुढं मी वाचलं की चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करतात तेही याच हिशेबानं. मोगऱ्याच्याच जातीच्या कळ्या उन्हाच्या दुपारी तोडायच्या, रात्री चहाच्या पानांत मिसळून ठेवायच्या. कळ्या अंधारात उमलतात आणि त्यांचा वास चहा पिऊन घेतो. सकाळी फुलं चाळून काढायची. आमच्याकडे तेच काम माठ करायचा. विकून उरलेल्या पाच-सात कळ्या आई माठात टाकायची, आणि उन्हातून आलेल्या माणसाला पहिला घोट घेताच कळायचं की हे कुणाचं घर आहे.

फिलिपिन्सनं हेच फूल १९३४ मध्ये राष्ट्रीय फूल म्हणून घेतलं. मदुराईच्या मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तिकडं पानी कवा तोडतेत?" मला सांगता आलं नाही. नंतर शोधलं तेव्हा कळलं, तमिळनाडूत मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरच्या शेवटाला करतात. त्यांचा हंगाम आमच्या आधी.

०००

मोगऱ्याला ऊन हवं असतं; जितकं ऊन तितकी कळी. जास्वंदीचं उलट. एप्रिलच्या मध्यापासून तिच्या कळ्या उमलण्याआधीच देठासकट गळायला लागतात. मुळाशी एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं झालं की तर हमखास. त्यामुळे जास्वंदीला आई रोज थोडं, पण ठरल्या वेळेला पाणी द्यायची आणि बुडाशी धानाच्या तणसाचा जाड थर पसरायची. नवतप्याच्या नऊ दिवसांत जुनं लुगडं कुंपणावर टाकून सावली करायची. तेवढं करूनही निम्म्या कळ्या जायच्या. "राहतीन तेवढ्या राहतीन," ती म्हणायची.

मृग बरसला की लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून सुकवून ठेवायच्या. पुढं जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरल्यासारखा पिठ्या ढेकूण बसला की त्या कुटून, रात्रभर भिजवून, फडक्यानं गाळून शिंपडायच्या. पण नुसता अर्क मारून भागत नाही. पिठ्या गोड चिकटा सोडतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात पिठ्याला राखतात, दुसऱ्या झाडावर नेऊनही ठेवतात. आई आधी मुंग्यांची वाट शोधायची. बुंध्याभोवती राखेचं कडं करायची. पाऊस आला की राख वाहून जायची, की पुन्हा कडं.

पावसाळ्यात शेवंतीचे शेंडे खुडायचे, म्हणजे एका काडीच्या चार काड्या होतात आणि दसरा-दिवाळीला चौपट फुलं मिळतात. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या खांबावर नवा पांढराशुभ्र दिवा लागला. त्या साली रस्त्याकडच्या बादल्यांतल्या शेवंतीनं कळीच धरली नाही; भिंतीआडच्या बादल्या मात्र नेहमीसारख्या फुलल्या. माती तीच, पाणी तेच. आई चार दिवस विचार करत होती. मग म्हणाली, "तिले झोप नाही भेटून राहिली." पुढच्या वर्षी तिनं सगळ्या बादल्या मागे अंधारात नेल्या आणि सगळ्यांना फुलं आली. शेवंती कळी धरते ती रात्र पुरेशी लांबली म्हणजे. रात्रीत उजेड शिरला की तिचा हिशेब चुकतो. वनस्पती दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं. फुलांचे मोठे उत्पादक आज काळे पडदे ओढून शेवंतीला वर्षभर हवी तेव्हा रात्र देतात. आई चौथी शिकलेली. तिनं बादल्या हलवल्या.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरायला लागते, झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, आणि वाडीत एकटा कुंद फुलत राहतो. माघातल्या तिलकुंद चतुर्थीला तो गणपतीला लागतो. आणि मार्गशीर्षात पुन्हा दोन विटा, एक चिखलाचा गोळा.

हे सगळं मी चाळीस वर्षं बघत होतो. बघत होतो, करत नव्हतो. मला वाटायचं मला येतं.

०००

२०१८ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आईला झटका आला. पहाटे वाडीत गेली ती परत आली नाही, म्हणून बायको बघायला गेली तर ती विहिरीच्या ओट्याला टेकून बसलेली, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, आणि तोंडातून नुसता आवाज. चंद्रपूरला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणं गेलं.

गेलं म्हणजे पूर्ण नाही. डॉक्टरांनी शब्द सांगितला, वाचाघात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात-पाय आणि बोलणं दोन्ही जाऊ शकतं. माणसाला कळत सगळं असतं, पण म्हणायचा शब्द सापडत नाही. एखादा शब्द सापडला तर पुढचा सापडत नाही. कधी 'हो'च्या जागी 'नाही' येतं आणि 'नाही'च्या जागी 'हो'. मी भाषा शिकवणारा माणूस. बावीस वर्षं मुलांना वाक्य पूर्ण करायला शिकवलं होतं.

तोवर मी चंद्रपुरात खोली घेऊन राहत होतो. ती सोडली आणि पोंभुर्ण्याहून अपडाऊन सुरू केलं. आईचं न्हाणं-धुणं, पाठीला तेल लावणं, कुशीवर वळवणं हे बायकोनं केलं. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझ्याकडे संध्याकाळ आणि वाडी आली.

मी ठरवलं, आईची झाडं मरू द्यायची नाहीत. रोज संध्याकाळी आल्यावर मी तिला खुर्चीत बसवून मागच्या पडवीत आणायचो आणि तिच्यासमोर झाडांना पाणी घालायचो. भरपूर. मोगऱ्याला दुप्पट, कारण तो तिचा लाडका. बाजारातून युरिया आणून मूठ-मूठ टाकला. डिसेंबरात, जेव्हा दरवर्षी मोगरा काड्यांवर आलेला असायचा, तेव्हा माझा मोगरा हिरवागार होता. पानं तळहाताएवढी. मला अभिमान वाटला.

आणि रोज आई डावा हात उचलून मोगऱ्याकडे करायची आणि म्हणायची, "पानी."

मी म्हणायचो, "दिलं आई, दिलं."

ती मान हलवायची. "पानी. पानी." कधी चिडायची. कधी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटायची. मी पेला आणून तिच्या ओठांना लावायचो. ती तोंड फिरवायची. मग मी पुन्हा बादली भरून झाडांना ओतायचो, की तिचं समाधान व्हावं. ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, दमली.

संक्रांत आली तेव्हा तिनं विळ्याकडे बोट दाखवलं. विळा भिंतीत खोचलेला असायचा. मी तो तिच्या हाताला लागेल या भीतीनं माळ्यावर टाकला.

याच दिवसांत व्यायाम शिकवायला येणारा मुलगा सांगून जायचा, की आजीला डाव्या हातानं जेवू द्या, सांडलं तरी चालेल. पेला स्वतः उचलू द्या. खुर्चीतून उठताना लगेच हात देऊ नका, थोडं थांबा. मी ऐकायचो आणि तो गेला की घास भरवायचो. तिला कष्ट पडताना बघणं मला जमत नव्हतं. इतकी वर्षं तिनं केलं, आता तिला काही करावं लागू नये, हे मला प्रेमाचं लक्षण वाटत होतं. काही प्रमाणात ते होतंही. पण त्यात माझी सोयही होती: तिला एक घास उचलायला दोन मिनिटं लागायची, मला भरवायला दहा सेकंद.

०००

मार्च गेला. एप्रिल गेला. मोगरा कमरेच्या वर वाढला, हिरवागार, दाट. कळी नाही. एखाद-दुसऱ्या शेंड्याला एकटी कळी दिसायची, तीही जांभळट पडून, बुडाशी सुजल्यासारखी होऊन सुकायची. दाट पानांत हवा खेळत नाही, तिथं कीड आत शिरते आणि कळी आतून खाते. तेव्हा हेही माहीत नव्हतं. त्या मे महिन्यात पारा ४७ च्याही वर गेला. इतकं ऊन, म्हणजे मोगऱ्याचं सोन्याचं वर्ष. गावात लग्नं लागत होती. हारवाल्यानं दोनदा निरोप पाठवला. मी सांगितलं, यंदा नाही.

संध्याकाळी पडवीत बसलो की वाडीतून ओल्या मातीचा वास यायचा, फक्त मातीचा. माठाला नुसता माठाचा वास. आई दर संध्याकाळी साडेचारच्या सुमारास डावा हात मांडीवर उलटा-सुलटा करायची, बोटं जुळवायची आणि सोडायची. कळी खुडताना करतात तसं. मी ते बघितलं होतं. त्याला नाव दिलं नव्हतं.

पोळ्याच्या चार दिवस आधी ती गेली. तिच्या अंगावर घालायला घरच्या झाडाचं फूल असावं म्हणून बहीण वाडीत गेली आणि जास्वंद घेऊन आली.

०००

त्या वर्षी नोव्हेंबरात आईची एक जुनी मैत्रीण घरी आली. दोघी मिळून वर्षानुवर्षं खुटकटाईला जायच्या; पुढं जंगलात वाघाची भीती वाढली आणि वयही झालं, तसं दोघींनी जाणं सोडलं. मावशी चहा पिऊन वाडीत फिरली. मोगऱ्यापुढं थांबली.

"बापू, हे काय केलंस गा? पानी तोडलं नाहीस?"

मी विचारलं, पाणी तोडायचं म्हणजे?

तिनं सांगितलं. मघाशी मी जे सगळं सांगितलं, विटा, चिखल, उपास, विळा, ते त्या दिवशी मावशीनं ओट्यावर बसून पाच मिनिटांत सांगितलं. नालीच्या तोंडाशी त्या दोन विटा मी दरवर्षी पाहिल्या होत्या. मला वाटायचं, केळीला पाणी हवं म्हणून ठेवल्यात.

"तिनं सांगतलं नाही तुले?" मावशीनं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तिनं सांगितलं होतं. नोव्हेंबरपासून संक्रांतीपर्यंत रोज संध्याकाळी सांगितलं होतं. तिच्याकडे दोन शब्दांतला एकच शब्द उरला होता. "पानी" सापडायचा, "तोड" सापडायचा नाही. आणि मी, वाक्य पूर्ण करायला शिकवणारा, ते रोज उलट पूर्ण करत होतो.

०००

नागपूरच्या संत्र्यावाल्यांकडे या गोष्टीला रूढ शब्द आहे: ताण देणं. आंबिया बहार हवा असेल तर डिसेंबरात पाणी तोडायचं, मृग बहार हवा असेल तर मे महिन्यात. हलकी जमीन असेल तर महिना-दीड महिना, भारी असेल तर दोन महिने. पाणी तुटलं की झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठतं, आणि पुन्हा पाणी मिळाल्यावर ते साठलेलं फुलाच्या कामी येतं. ज्या झाडाला सतत पाणी आणि वर युरिया मिळतो, त्याला फुलायची गरजच पडत नाही. ते पानं काढत राहतं.

हे कळल्यावर पहिल्यांदा मला जो विचार आला तो फार मोहाचा होता: माणसाचंही असंच असतं. ताण दिल्याशिवाय बहर नाही. असं लिहिलं की वाचायला बरं वाटतं, शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणूनही खपेल. पण मी आमच्या भागात राहतो. इथं जन्मभर ताणाखाली असलेली माणसं मी पाहतो आणि त्यांना बहर आलेला दिसत नाही. आई त्यातलीच. ताणाचं गणित मावशीनं मला नीट सांगितलं होतं, आणि त्यात दुसरा अर्धा भाग होता: ज्याच्या मुळ्या खोल आहेत त्यालाच पाणी तोडायचं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाला कधीच नाही. आणि पाणी तोडताना, ते पुन्हा कधी सोडायचं हे आधी ठरवायचं. विहिरीत पाणी असेल तरच तोडायचं. नाहीतर तो ताण नाही, तो दुष्काळ.

आईनं घास स्वतः उचलला असता तर ती आणखी जगली असती, असं मला म्हणायचं नाही. डॉक्टरांनीही तसं कधी म्हटलं नाही. ती मोगरा नव्हती. पण तिला काही म्हणायचं होतं आणि मी ते पाण्यानं बुजवलं, एवढं खरं आहे. तिच्याकडे बादली घेऊन जाण्याऐवजी मी तो विळा तिच्या डाव्या हातात दिला असता, खुर्ची झाडाजवळ नेली असती, तर तिनं शब्दांशिवाय दाखवलं असतं. एका फांदीत काम झालं असतं.

०००

त्या मार्गशीर्षात मी पहिल्यांदा विटा लावल्या. संक्रांतीनंतर माळ्यावरून विळा काढला. पहिलं झाड छाटताना हात थरथरत होता. अकराव्याला बरा चालला. मावशी ओट्यावर बसून "अजून खाली, अजून खाली" म्हणत होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नाली उघडली.

२०२० च्या मार्चमध्ये त्या अकरा झाडांवर जितक्या कळ्या धरल्या तितक्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. दोन वर्षांचं साठलेलं असावं. आणि गुढीपाडव्याच्या दिवशीच देशभर टाळेबंदी लागली. लग्नं थांबली, बाजार बंद, हारवाला घरी. रोज साडेचारला मी आणि मुलगी परडी घेऊन वाडीत जायचो. ती तेव्हा सातवीत होती. आजची कळी कोणती आणि उद्याची कोणती हे तिला माझ्याआधी ओळखू यायला लागलं. मोजणी सत्तरनंच. आठ पुडे, दहा पुडे. त्यांचं करायचं काय? आम्ही गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर एकेक पुडा पळसाच्या पानात बांधून ठेवला. कुणी देवाला वाहिला, कुणी माठात टाकला. त्या उन्हाळ्यात माणसं एकमेकांच्या घरी जात नव्हती, पण आमच्या गल्लीत घराघरातलं पाणी एकाच वासाचं होतं.

आता दरवर्षी करतो. पहिल्या कळ्या जांभळट दिसल्या तर त्या तोडून दूर नेऊन जाळतो, म्हणजे कीड पुढच्या कळ्यांत जात नाही. युरिया बंद केला. पावसाळ्यात एक फांदी वाकवून दगडाखाली दाबतो. आजवर तीन रोपं मावशीच्या अंगणात गेली, एक बहिणीकडे. त्यांना मी बजावून सांगितलं आहे, दोन वर्षं पाणी तोडायचं नाही.

मुलगी आता बाहेरगावी शिकते. परवा फोनवर मी तिला सांगत होतो की या वर्षी जरा उशीर झाला, आत्ताच नाली उघडली. तिनं विचारलं, "करी धरली का, बाबा?"

मी तिला सुधारलं नाही. म्हटलं, "अजून नाही. आठ-पंधरा दिवस जातील."